दुमडीतलं बटण

मी बी.एस्सी. झाले त्या वर्षी आमच्या घरात आधी पदवी आली आणि तिच्या पाठोपाठ माझं शहाणपण आलं. पदवी आईने काच लावून देवघराशेजारी टांगली. शहाणपण टांगायची काही सोय नव्हती, त्यामुळे ते मी बरोबर घेऊनच हिंडत असे.

आमचं घर शिवाजीनगरच्या बाजारामागच्या गल्लीत, पण पुण्यातल्या नव्हे, कन्नड मुलखातल्या शिवाजीनगरच्या. पुढच्या खोलीत अण्णांचं शिवणाचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. अण्णा म्हणजे माझे वडील. आमचे पूर्वज म्हणे कुठल्याशा मराठी फौजेबरोबर इकडे आले. फौज केव्हाच परत गेली. आमच्या लोकांना बहुधा कुणाच्या तरी तुमानी शिवून द्यायच्या राहिल्या होत्या, म्हणून ते थांबले, आणि मग थांबलेच. घरात आम्ही मराठी बोलत असू, पण ती ऐकून पुण्याकडचे पाहुणे आधी गालात हसत आणि मग ‘सरी’ म्हणजे काय ते विचारत. सरी म्हणजे ठीक आहे. अण्णांच्या तोंडी तो शब्द क्वचित येई, कारण त्यांच्या मते जगात ठीक असं फारसं काही नव्हतंच.

अण्णांचा कुठल्याच वस्तूवर भरवसा नसे. पावसाळ्यात ते छत्री घेऊन निघत आणि छत्री उलटली तर असावं म्हणून काखेत एक गोणपाट ठेवत. दुकानाला कुलूप लावलं की ते ओढून बघत, चार पावलं जाऊन परत येत आणि पुन्हा ओढत. या स्वभावाला त्यांच्या धंद्यात एक चांगली जागा मिळाली होती. शिवलेल्या कपड्याच्या आतल्या दुमडीत एक जादा बटण टाकून द्यायची आमच्या सगळ्या शिंपी नातेवाइकांत पद्धत होती. गिऱ्हाईक ते मागत नसे, पुष्कळांना ते तिथे आहे याचा पत्ताही नसे. बाकीचे लोक बाहेर लावलेल्यातलंच एक आत टाकत. अण्णा मात्र आतलं बटण निराळं निवडत, आणि बाहेरच्यापेक्षा चांगलं. बाहेरचं बटण गिऱ्हाईकाच्या पसंतीचं, आतलं आपल्या पसंतीचं, असं ते म्हणत. त्यासाठी त्यांच्याकडे पत्र्याचा एक डबा होता. त्यात गोऱ्या साहेबांच्या काळातली, कँटोन्मेंटमधून आलेली खऱ्या शिंपल्याची बटणं होती. तो डबा आम्हा कुणाला हाताळायची परवानगी नव्हती.

तर मला नोकरी लागली, आणि तीसुद्धा बटणांच्याच कारखान्यात. शिंप्याच्या मुलीने विज्ञान शिकून शेवटी बटणंच करावीत हे नातेवाइकांना फार गमतीचं वाटलं. मला ते मुळीच गमतीचं वाटलं नाही. मी केमिस्ट होते.

कारखाना आमच्याच भागात, बसस्टँडच्या बाजूला, एका लांबट खोलीत. हाताने दांडा ओढून चालवायची यंत्रं, भिंतीला टेकलेली पोती आणि सगळीकडे वितळलेल्या प्लास्टिकचा वास. मालक कन्नड, जाडजूड, पान खाऊन बोलणारे. मोठे खरेदीदार ‘तुमचा केमिस्ट कोण?’ असं विचारू लागले होते म्हणून त्यांनी मला घेतलं. मला टेबल मिळालं, पांढरा झगा मिळाला. खुर्ची ‘नंतर स्वल्प दिवसांनी’ मिळणार होती. तोवर बसायला एक पोतं दिलं. मुंबईहून आलेल्या एका विक्रेत्याने चपलांच्या तळव्यांसाठी म्हणून रबरासारख्या दाण्यांचा नमुना ठेवला होता, त्याचं ते पोतं. मालकांना चपलांत रस नव्हता. दाणे मऊ होते, त्यामुळे माझी बसायची सोय उत्तम झाली.

साठीचं दशक तेव्हा उतरणीला लागलं होतं. प्लास्टिक म्हणजे एकच काहीतरी असं लोकांना वाटे. आमच्याकडे त्याच्या दोन जाती होत्या. एक पॉलिस्टायरीन. ते काचेसारखं चकचकीत, कडक आणि काचेसारखंच तडकणारं. धोब्याने सदरा दगडावर आपटला की त्याच्या बटणाचे तुकडे. दुसरं पॉलिथीन. ते फुटता फुटत नसे, पण इतकं मऊ की काजातून आपोआप निसटे, आणि कोळशाची इस्त्री लागली की कापडाला चिकटून बसे. गिऱ्हाइकं दोन्हींवर नाराज होती. मालक हताश होऊन विचारत, ‘केमिस्ट अम्मा, काय करायचं?’

मी झग्याच्या खिशात हात घातले आणि म्हणाले, ‘दोन्ही एकत्र करायची.’

एकाचा कडकपणा, दुसऱ्याचा चिवटपणा. आजवर हे कुणाला कसं सुचलं नाही याचं मला नवल वाटलं. या दोन जिनसा एकमेकींत मिसळत नाहीत, हे कॉलेजात मला कुणी ना कुणी सांगितलंच असणार. मी वर्गात हजरही असेन. पण पुढच्या बाकावर बसून हुशार चेहरा करण्यात माझी बरीच शक्ती जात असे.

दोन्हींचे दाणे निम्मे निम्मे घेऊन यंत्रात टाकले. कामगाराने दांडा ओढला आणि साचा उघडला. बटणं मोत्यासारखी झळकत होती. हलवली की त्यांच्यात आतून एक लाट सरके, अगदी शिंपल्यात दिसते तशी. कुठलाही रंग टाकलेला नव्हता. मालकांनी पान थुंकायचंही विसरून ‘मुत्तु! मुत्तु!’ असा घोष केला. मुत्तु म्हणजे मोती. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग मी शास्त्रशुद्ध परीक्षा घेतली. बटण भिंतीवर फेकलं, सँडलच्या टाचेखाली चिरडून पाहिलं, फरशीवर आपटलं. एकही फुटलं नाही. शिंप्याच्या घरात जन्मलेल्या मुलीने बटणाची परीक्षा घेताना सुईदोरा सोडून सगळं वापरलं. चार भोकांतून दोरा घालून ओढून बघावं असं माझ्या मनातही आलं नाही. सुईदोरा अण्णांचा होता, मी केमिस्ट होते.

ओंजळभर बटणं घेऊन मी घरी आले. अण्णांनी एक उचललं, उजेडात फिरवलं, आणि त्यांच्या डोळ्यांत जे दिसलं ते मी कधी विसरणार नाही. आमच्या घरात शिंपल्याच्या चमकेला जवळजवळ देवाचा मान होता. माझी गणितातली मार्कं, माझी पदवी, माझा झगा यांतलं काहीच त्यांनी असं उजेडात धरून पाहिलं नव्हतं. मग त्यांनी बटण खालच्या ओठाला लावलं. खरा शिंपला ओठाला गार लागतो. त्यांची ती जुनीच सवय होती.

‘थंड नाही लागत,’ ते म्हणाले.

‘थंड लागून काय करायचंय अण्णा? बटण आहे ते, सरबत नव्हे.’

‘चमक आहे पण,’ ते म्हणाले आणि बटण परत फिरवून बघू लागले.

त्याच सुमाराला बँडचं काम आलं. आमच्या भागात एक लग्नाचा बँड होता. त्याचा मास्टर म्हणजे टोकदार मिशांचा, दखनी बोलणारा, तोंडाने वाद्यापेक्षा मोठा माणूस. शहरातल्या अर्ध्या वराती त्याच्या मागून चालत. त्याला अख्ख्या बँडसाठी लालभडक कोट हवे होते. या कामाची अण्णांना किती गरज होती ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कमर्शियल स्ट्रीटला तयार कपड्यांची दुकानं थाटली होती. जुनी गिऱ्हाइकं माप द्यायला येईनाशी झाली होती, आणि दुपारची अण्णांची मशीन गप्प असली की आई स्वयंपाकघरात उगाच भांडी वाजवत असे. बँडचा कोट म्हणजे रस्त्यावरून चालणारी पाटी. चांगला दिसला तर सगळं गाव विचारणार, कुणी शिवला? वाईट दिसला तरीही तेच विचारणार.

मास्टरला पितळी बटणं लावायची होती, पण ती घासायला कुणी तयार नव्हतं. तेवढ्यात त्याला अण्णांच्या टेबलावर माझी मोत्याची बटणं दिसली. ‘मास्टर, ये क्या चीज है!’ तो म्हणाला, आणि पितळ विसरला. (तो अण्णांना मास्टर म्हणे, अण्णा त्याला मास्टर म्हणत. दोघांनाही ते शोभे.)

अण्णा घुटमळले. ‘स्वल्प दिवस बघू या,’ म्हणाले. मी उसळले. फुटत नाहीत, तडकत नाहीत, इस्त्रीला वितळत नाहीत, आणखी काय बघायचंय? मी त्यांना कडकपणा आणि चिवटपणा यांवर एक व्याख्यानच दिलं, इंग्रजी शब्द पेरून. अण्णा मान खाली घालून ऐकत राहिले. आई आतून म्हणाली, ‘लावा की. पोर एवढं सांगतेय.’ आणि अण्णांनी ती लावली.

पहिली वरात आमच्याच बाजूने जायची होती. उन्हं कलली होती. मी आईला आणि गल्लीतल्या चारपाच बायकांना घेऊन कोपऱ्यावर उभी राहिले आणि माझ्या अंगात होता तेवढा आवाज काढून सांगत होते की ती बटणं आमची, म्हणजे माझी. बँड आला. लाल कोटांवर बटणं अशी झळकत होती की बायकांनी खरोखरच तोंडात बोटं घातली.

बँडवाले श्वास घेतात, याचा कुणीच विचार केला नव्हता. पुढच्या रांगेत एक जाडा गृहस्थ होता. अंगाला वेढा घातलेला भलामोठा पितळी भोंगा तो वाजवत असे. नव्या चालीला सुरुवात करण्याआधी त्याने छाती भरून श्वास घेतला. त्याचं मधलं बटण टपकन उडालं आणि आमच्या शेजारणीच्या मोगऱ्याच्या गजऱ्यात जाऊन बसलं. मला वाटलं, एखादं सुटतंच. तेवढ्यात त्याने दुसरा श्वास घेतला.

मग एकेक करत सगळ्यांचीच सुटू लागली. ढोल वाजवणाऱ्याची पट्ट्याच्या घासण्याने गेली, क्लॅरिनेटवाल्याची सुराबरोबर गेली. कोट उघडे पडले आणि आतले भोकाभोकांचे बनियन वरातीबरोबर चालू लागले. भोंगेवाला एका हाताने कोट धरून वाजवायचा प्रयत्न करत होता आणि त्यातून म्हशीसारखा आवाज येत होता. नवरदेव गाडीतून वाकून बघत होता. पोरं रस्त्यावरची बटणं गोळा करत होती. माझ्या शेजारच्या बायका एकदम माझ्याशी बोलायच्या थांबल्या. नंतर कळलं की त्या हसू दाबत होत्या.

गजऱ्यातलं बटण मी काढून घेतलं. दोन भोकांच्या मधली पट्टीच फाटली होती. फाटली म्हणजे तुटली नव्हती, तिचे पापुद्रे सुटले होते. नखाने धरलं तर कांद्यासारखा थरामागून थर निघत होता. मला रडू आलं. वरात पुढे गेली तरी मी तिथेच कांदा सोलत उभी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्टर सगळे कोट घेऊन दुकानात आला. मिशा खाली आल्या होत्या. ‘मास्टर, ये बटनां हैं या मुरमुरे?’ तो ओरडला. संध्याकाळी दुसरं लग्न होतं. गल्लीतले लोक दारात जमले. मी पडद्याआड उभी होते. अण्णांची अशी चारचौघांत शोभा मी कधी पाहिली नव्हती, आणि ती माझ्यामुळे झाली होती.

अण्णांनी एक कोट ओढून घेतला, उलटा केला, आतल्या दुमडीची टीप उसवली. आत नेहमीसारखं एक बटण नव्हतं. एका चिंधीच्या पट्टीवर रांगेने टाचलेली शिंपल्याची बटणं होती, कोटाला पुढे जेवढी लागतात तेवढी सगळी. त्यांनी दुसरा कोट उसवला. त्यातही तसंच. मास्टरच्या मिशा हळूहळू वर गेल्या. दुपारपर्यंत अण्णांनी आणि आईने सगळे कोट सजवून दिले, आणि मास्टर ‘वाह मास्टर’ करत गेला. लोकही गेले. टेबलावर तो पत्र्याचा डबा उघडा पडला होता, आणि तो रिकामा होता.

खरं म्हणजे मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी भडकले.

‘तुमचा माझ्यावर विश्वास नव्हता तर लावलीत कशाला माझी बटणं?’

अण्णा चष्मा पुसत होते. ‘तू सांगितलंस म्हणून बाहेर लावली. बँडवाल्याला दुसऱ्या दिवशी पण लग्नाला जायचं असतं, म्हणून आत ती ठेवली.’

‘म्हणजे मला वेड्यात काढलंत.’

‘अय्यो, मी तर छत्रीला पण वेड्यात काढतो,’ अण्णा म्हणाले. ‘तू कशाला वाईट वाटून घेतेस?’

पण मला वाईट वाटलं. बटणं उडाली त्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. माझं व्याख्यान ऐकता ऐकताच त्यांनी मनातल्या मनात डबा उघडला होता. लोक हसले त्याचं मला पुढे काही राहिलं नाही. मला एवढंच हवं होतं की कधीतरी एका तरी कपड्यात अण्णांनी आपल्या पसंतीचं म्हणून दुमडीत माझं बटण घालावं. पदवीपेक्षा ते मला मोठं वाटू लागलं. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं नव्हतंच. लोकांच्या मुलींना साड्या हव्या असतात.

कारखान्यात मालकांना मात्र ती बटणं टाकवत नव्हती. एवढी चमक! मी त्यांना वेळ मागितला आणि सुट्टीच्या दिवशी शहरातल्या एका मोठ्या विज्ञानसंस्थेच्या ग्रंथालयात जाऊन बसू लागले. तिथे परदेशी मासिकं येत. त्यांतलं निम्मं मला कळत नसे, पण जे कळलं ते पुरेसं होतं. वितळल्यावर ही दोन प्लास्टिकं मिसळतात असं फक्त वाटतं. आत ती एकमेकांपासून वेगळीच राहतात, थरांनी, आणि थरांमध्ये काही धरून ठेवणारं नसतं. उजेड या थरांवरून उलटतो, म्हणून मोत्यासारखी झळाळी दिसते. म्हणजे ज्या चमकेवर मी, मालक, अण्णा, मास्टर असे सगळे भाळलो होतो, ती चमक हाच रोग होता. जितकं सुंदर तितकं आतून फाटलेलं. हे वाचून मी ग्रंथालयात इतक्या मोठ्याने ‘अय्यो’ म्हणाले की समोरच्या प्राध्यापकांनी चष्म्यावरून पाहिलं.

उपायही तिथेच होता. दोन्हींच्या सीमेवर मध्यस्थी करणारं तिसरं काहीतरी घालायचं. त्याच्या साखळीचा एक भाग पॉलिस्टायरीनच्या जातीचा हवा आणि दुसरा असा हवा की त्याचं पॉलिथीनशी थोडंफार पटेल. मूठभरच पुरतं. ते दोघांनाही धरून बसतं, थर बारीक होतात, आणि ओढलं तर सुटत नाहीत.

आता ही मूठभर जिन्नस आणायची कुठून? मी महिनोन्‌महिने शोधली. बाजारातल्या झाडून सगळ्या रसायनवाल्यांकडे गेले. त्यांनी मला डिंक दाखवला, राळ दाखवली, एकाने सरस दाखवला. असली वस्तू भारतात मिळणं शक्य नाही, असा अहवाल मी मालकांना तोंडी दिला, आणि सुस्कारा टाकून माझ्या जागेवर बसले.

पुढे एकदा तो मुंबईचा विक्रेता परत आला. सभ्य माणूस होता. चपलांच्या नमुन्याचं काय झालं, असं त्याने विचारलं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोठ्या माणसांच्या आवाजात विचारलं, ‘त्यात नेमकं आहे तरी काय?’

‘नवीनच आहे, मॅडम,’ तो म्हणाला. ‘स्टायरीन आणि रबर एकाच साखळीत जोडलेले आहेत. दोन टोकांना स्टायरीन, मध्ये रबर. पोत्यावर छापलंय सगळं.’

छापलेलं होतंच. मी त्याच्यावर बसले होते. बोलता बोलता मी हळूच उठले, झगा सारखा केला, आणि ‘हं, मला तसा अंदाज होता’ असं म्हणाले. मालक जोरात खोकले. पान अडकलं असावं.

नुसतं यंत्रात टाकून ते नीट मिसळत नव्हतं. शेजारी रबराचे पत्रे काढणारा एक कारखाना होता, तिथल्या गरम रुळांमधून मी तिन्ही जिनसा पुन्हा पुन्हा काढून आणल्या, मग त्याचे तुकडे करून आमच्या यंत्रात घातले. पोतं रिकामं होत गेलं तशी मी टेबलामागे खाली खाली जाऊ लागले. शेवटी शेवटी माझी फक्त हनुवटी टेबलावर उरली होती, आणि मग कुठे मालकांनी खुर्ची आणली.

या वेळी परीक्षा सुईदोऱ्याने घेतली. बटण कापडावर शिवून मी ते खिडकीच्या गजाला बांधलं आणि दोन्ही हातांनी ओढलं. दोरा तुटला आणि मी मागच्या पोत्यांवर पडले. बटणाला काही झालं नव्हतं.

फक्त ते कुरूप होतं. झळाळी गेली, लाट गेली, उरला एक मळकट पांढरा, बेचव रंग. मालकांनी ते तळहातावर घेतलं आणि जवळचं कुणी गेल्यासारखे म्हणाले, ‘मुत्तु गेलं.’ मी त्यांना समजावलं की चमक गेली म्हणजेच जमलं. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं नव्हतं.

अण्णांना तर बघवेना. ‘इडलीसारखं दिसतंय,’ ते म्हणाले. ओठाला लावून पाहिलं, ‘थंड पण नाही,’ आणि ठेवून दिलं. मी दोरा घालून ओढायला सांगितलं. त्यांनी ओढलं. इस्त्री फिरवली. धोब्याकडच्या कपड्यांना लावून दिलं. काही झालं नाही. पण सुंदर वस्तूवर ज्यांचा विश्वास नव्हता त्यांचा कुरूप वस्तूवर बसेल, हा माझाच भ्रम होता. ते एवढंच म्हणाले, ‘बघू.’

मालकांनी ती बटणं शाळांच्या गणवेशांसाठी स्वस्तात विकायला काढली. शाळेच्या बटणाकडे बघतो कोण? अण्णांकडेही गणवेशांची शिलाई येऊ लागली होती. गिऱ्हाइकांनी मागितली म्हणून ते माझी बटणं बाहेर लावत. कपडे घडी घालून ठेवले की मी जाता येता सहज म्हणून दुमड चाचपून बघे. अंगठ्याला लगेच कळायचं. आत कधी टिनाचं बटण, कधी लाकडी, कधी कुठल्या जुन्या पाटलोणीचं. इतकं चाचपत असे की आई म्हणाली, ‘काय ग, ढेकूण शोधतेस काय?’ वर्षभर माझं एकही बटण तुटून परत आलं नाही. वर्षभर माझं एकही बटण दुमडीत गेलं नाही.

मग मास्टर पुन्हा आला. कोट विटले होते, आणि शिंपल्याची बटणंही धोब्याच्या दगडावर एकेक करून तडकली होती. आता त्याला पितळच हवं होतं. अण्णांनी ड्रॉवरमधून माझी इडलीची बटणं काढून त्याच्यापुढे ठेवली.

मास्टर दचकला. ‘फिर बेटी के मुरमुरे?’

‘मुरमुरे नहीं, इडली,’ अण्णा म्हणाले. ‘दिखने में कुछ नहीं. खींचके देखो.’

मास्टरने दोन्ही हातांनी ओढून पाहिलं, दातांनी ओढून पाहिलं, आणि शेवटी ‘आपकी मर्जी’ म्हणून गेला. मी पडद्याआडून ऐकत होते. माझा आनंद मात्र अर्धाच होता. बाहेर काय, मागच्या वेळीही माझीच होती.

कोट तयार झाले, इस्त्री होऊन टेबलावर एकावर एक रचले गेले. अण्णा दुपारचं जेवायला आत गेले. मी वरच्या कोटाची दुमड चाचपली. चिंधीची पट्टी नव्हती. एकच लहानसा उंचवटा होता, नेहमीचा. मी दुसरा चाचपला, तसाच. मला राहवेना. आतून अण्णांचा ताक भुरकल्याचा आवाज येत होता. मी पातं घेऊन वरच्या कोटाची टीप दोन बोटं उसवली आणि अंगठ्याने बटण बाहेर ढकललं.

मळकट, पांढरं, बेचव. माझं.

किती वेळ ते हातात घेऊन उभी होते कोण जाणे. भुरकण्याचा आवाज थांबला तेव्हा घाईघाईने ते परत आत कोंबलं आणि सुईने चार टाके घातले. विज्ञानाच्या पदवीधराने घालावेत तसेच टाके पडले, एक डोंगरावर, एक दरीत.

अण्णा हात पुसत आले. वरच्या कोटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी कुठल्यातरी कापडाच्या ताग्याकडे फार लक्षपूर्वक बघत होते. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा चढवला, माझे चारही टाके उसवले आणि बटण तळहातावर घेतलं. सवयीने ते खालच्या ओठाला लावून पाहिलं.

‘अजून थंड नाही लागत,’ ते म्हणाले, आणि ते परत दुमडीत घालून नीट शिवू लागले.